गोचीड आणि व्याह्यांचा रस्सा

...नाही, मला एक सांगा, तुम्ही सगळी खाणारी-पिणारी माणसं, रस्सा म्हणजे मटण नाही का? बोकड शिजला कशात? रस्स्यात! मग त्याचं सगळं उतरलं कुठं? रस्स्यातच ना! हे मला कळतं, तुम्हाला कळतं, पण आमच्या नरडाण्याच्या व्याह्यांना... जाऊ द्या. अहो, जाऊ कसं द्या? जीव जात होता माझा!

तर तुम्हाला सांगतो, मी एरंडोलचा अमृत. दोन बैल, एक गाय. दुपारी बैलाच्या मानेखालच्या गोचिडी काढत बसायचं, आजा बसला, बाप बसला, मी बसलो. त्यातली एक गोचीड बैल सोडून माझ्या कमरेला चिकटली! शेजारचा कौतिक म्हणे, "थांब, बिडीचा चटका देऊ." दिला! गोचीड होती तिथंच, फोड मला आला. पुढं विसरलो. मग चुलतभावाकडे जावळाचं मटण होतं, चांगलं हाणलं, अन् दुपार कलली तसे अंगावर हे एवढाले चट्टे, ओठ सुजले, श्वास आत जाईना! धुळ्याचे डॉक्टर रक्त तपासून म्हणतात, "गोचीड चावल्यानं तुम्हाला मटणाची अ‍ॅलर्जी झालीय. बोकड, मेंढी बंद. कोंबडी, मासे चालतील. आणि त्रास लगेच होणार नाही, तीन-चार तासांनी होईल. पुढच्या वेळी जिवावर बेतेल." ऐकलंय कधी? चावली गोचीड, बंद झालं मटण!

आता गोठ्यात जातो तो पँट मोज्यात खोचून, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. बाहेर आलो की रत्ना, आमची मंडळी हो, मला उन्हात उभं करून कानामागं, काखेत, गुडघ्यामागं बघते. सापडली तर चिमट्यानं मुंडीपाशी धरून सरळ ओढायची, चटका नाही, रॉकेल नाही. येणारे-जाणारे कुंपणावरून विचारतात, "काय हरवलं वहिनी?"

हे सगळं सांभाळलं, अन् आमच्या डिंपलचं जमलं! नरडाण्याच्या हिलालनानांचा मुलगा, सोन्यासारखा. तारीख काढायला आम्ही जाणार म्हणजे बोकड पडणारच, नाहीतर भाऊबंद नानांची लाज काढतील. मी आधीच फोन केला. अ‍ॅलर्जी म्हटलं नाही हं! आजार म्हटला की लगेच, 'बापाच्या रक्तात दोष, मग पोरीच्या?' एवढ्यावर सोयरिकी मोडतात हो. नुसतं म्हटलं, "नाना, मला मटण सोसत नाही, कोंबडी चालेल." नाना म्हणे, "काय बी चिंता करू नका, तुम्हना करता येगळी कोंबडी!"

केली हो वेगळी! मी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी चुरून चुरून खाल्ल्या. हात धुताना विहीणबाईंना म्हटलं, "अक्का, कोंबडी झकास!" त्या लाजून म्हणतात, "व्हईच ना भाऊ! बोकडना रस्सामा शिजाडी ती."

तांब्या हातातच राहिला. म्हटलं, "अक्का, मटण नको म्हटलं होतं!"

"मटन कोठे शे भाऊ? रस्सा शे!"

सांगा! रस्सा म्हणजे मटण नाही का? गुपचूप डॉक्टरांची गोळी गिळली अन् बसलो बैठकीत. समोर घड्याळ, गुरुजी यायलाच तीन तास. गुरुजी पंचांग काढतात, मी नाडी बघतो. तळहात खाजवला... रस्सा असेल का? कान तापला... रस्साच! ओरडावं तर सोयरीक जाते, गप्प राहावं तर मी जातो! पोरगी आत नव्या जावांबरोबर हसत होती, तिचं हसू ऐकून मी उठता उठता पुन्हा बसलो. गुरुजी म्हणाले, "वैशाखात चालेल?" अन् माझा आवाजच फुटेना! मी नुसता बघतोय. नानांना वाटलं, राग आला. "मंडप आमना!" मी गप्प. "बँड बी आमना!" मी गप्प, ओठ फुगलेले! शेवटी आडवाच झालो. रत्ना किंचाळली, "अहो, गोचीड! गोचीड चावली यांना!" अन् सगळे भाऊबंद उठून गाद्या झटकायला लागले!

नानांनी स्वतः गाडी हाणली, धुळ्याला नेलं. इंजेक्शन टोचलं तेव्हा श्वास आला. सगळं उघड झालं, म्हटलं आता सोयरीक गेली. पण नाना पायाशी बसून ढसाढसा रडत होते, "भाऊ, पोर आमनी, समदं आमनं चुकनं!" देवमाणूस हो!

दुसऱ्या दिवशी हा देवमाणूस डबा घेऊन हजर. झाकण उघडून म्हणतो, "हाई मटन नही, रस्सा बी नही. नुसतं बोकडना पायानं पानी. ताकद येस!"

मग मी हात टेकले. लग्नाआधी महाराजांकडे जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून आलो. डॉक्टरांचा रिपोर्ट दाखवा, लोक वाटी पुढं करतात. माळ दाखवा, वाढपी दोन हात लांबून जातो! लग्नात नाना स्वतः माझ्या ताटाशी राखण करत बसले. जीव वाचला, पोरगी सुखात आहे. फक्त कोंबडी गेली, मासे गेले, अंडंसुद्धा गेलं... गोचिडीनं नुसतं मटण सोडवलं होतं हो, बाकीचं सगळं व्याह्यांच्या प्रेमानं सुटलं!