पे साहेबांचा पहिला किमची-फ्रिज

—अरे, इतक्यात हलवू नकोस, आधी बस. कंपनीचा माणूस घरी येतो आणि उभ्या उभ्या फ्रिज उचलून नेतो, असं कुठं असतं का? जवाचा चहा घे. हे खाली सार्वजनिक न्हाणीघरात अंग चोळून घ्यायला गेलेत, येतीलच. सकाळपासून स्वारी हवेत आहे — हानुल कंपनीच्या इतिहास-दालनात आपला फ्रिज आणि खाली पाटी, इंजिनिअर पे संग-चुल. नवा शर्ट घालून गेलेत. आंघोळीला जाताना कोण नवा शर्ट घालतं? हे घालतात.

इतिहास मी सांगते तुला, तुमच्या त्या गुळगुळीत पुस्तकात नसेल. हानुलनं आधी रेडिओ काढले, मग पंखे, मग टीव्ही — तोवर ठीक होतं. मग फ्रिज काढला तो परदेशी फ्रिज बघून. त्या लोकांच्या घरी आपल्यासारखी कोबी आंबवून केलेली किमची असते का? नसते. मग त्यांच्या फ्रिजला काय कळणार? आठवड्यात किमची आंबटढाण, आणि दुधापासून केकपर्यंत सगळ्याला तिचा वास. त्यात सगळे राहायला गेले उंच इमारतींत — अंगणच नाही तर किमचीचं मडकं जमिनीत पुरणार कुठं? हे म्हणाले, किमचीला वेगळा फ्रिज हवा. वरचे साहेब हसले. मग ह्यांनी काय करावं — रजा काढली, माझं माहेर गाठलं आणि ऐन थंडीत अंगणात पुरलेल्या मडक्यात थर्मामीटर सोडून बसले. आई म्हणाली, "लोकांचे जावई सासूची तब्येत विचारतात, आमचा मडक्याची विचारतो." त्यातून हा झाला — पहिला. वरून उघडणारा, मडक्यासारखा. अजून रोज झोपताना त्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बघ, इतकी वर्षं झाली, एकदा तरी कुरकुरला का?"

मागची पट्टी कशाला उघडतोस? नंबर? नंबर झाकणाखाली असेल बघ — अरे, ऐक — उघडलीस. बरं. दिसलं ना काय ते?

असा तोंड वासून बघू नकोस. हो, आतलं मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे. नाव मोठ्यानं वाचू नकोस. बंद पडला होता बाळा, थोरलीच्या लग्नाच्या आधी. ह्यांना कळलं असतं तर अन्न गेलं नसतं घशाखाली. पलीकडच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याच्याकडे होतं ते बसवलं त्यानं. नंतर पुन्हा एकदा — जाऊ दे. पण थंडी आईच्या मडक्याएवढीच ठेवून घेतली हं, त्याच्या डोक्यावर बसून. आता तुमची पोरं तिथं ह्यांच्यासमोर हा उघडणार, आणि ह्या वयात ह्यांना कळणार — मला नाही बघवायचं ते. माझा जीव आहे त्या माणसावर, आता काय सांगू.

लिफ्ट वाजली. लाव ती पट्टी. स्क्रू तुझ्या पायाशी आहे — हं. आणि हा किमची-भाताचा घास घे. मोठा घे, अजून मोठा.

अहो, आलात? हे साहेब काय म्हणतायत ऐका — दालनात फक्त बंद पडलेल्या वस्तू ठेवतात, चालणारी न्यायची नाही, असा नियम आहे म्हणे. तुमचा चालतोय, म्हणून फोटो नेणार. पाटीवर नाव तुमचंच. हो ना रे बाळा? बघा, मान हलवतोय. त्याला नका विचारू काही, तोंड भरलंय त्याचं.