बाईंचं गाणं मी झेललं

लिहून घेताय तर घ्या, पण बाईंचं नाव घालू नका, त्यांनीच बजावलंय, इंदू, सांगायचं ते सांग पण नाव नको. माझं घाला, मला काय त्याचं. मी इंदू, सासर कापडं गाव, पोलादपुराजवळचं, माहेर वरच्या वाडीतलं, चालत गेलं तर अर्धा तास. शाळा दुसरीपर्यंत. भात लावायचं, गवत कापायचं आणि गौरीला नाचायचं, एवढंच ठावं. पण गाणं सांगणारी म्हणून वाडीत माझं नाव होतं हां. आमच्याकडं गौरीच्या फेरात एक बाई गाणं सांगते, म्हंजे ओळ पहिल्यांदी ती बोलते, आणि बाकीच्या ती झेलतात, म्हंजे तशीच्या तशी परत बोलतात. कुणी झेललीच नाय तर सांगणारी तिथंच अडते, गाणं भुईवर पडलं असं मानतात आमच्यात. लहानपणी त्याच्यासाठी पाठीत धपाटे खाल्लेत मी, ओळ पडू दिलीस म्हणून.

माझा नवरा मुंबईला लिफ्टमन होता, आता नाय तो, देवाघरी गेला. त्याच्या बिल्डिंगीत चौथ्या माळ्यावर बाई राहायच्या, सिनेमात गाणाऱ्या. काय सांगू तुमाला, तेवा रेडिओ लावला की बाई, लग्नात भोंगा लागला की बाई, महाडच्या डेपोत च्याच्या टपरीवर पण बाईच. नवऱ्यानं मला सैपाकाला म्हणून नेलं वर, तर एक बाई फरशीवर बसून लसूण सोलत होती. मला वाटलं हीच कामवाली. मी बोलले, गो बाय, मालकीण कुठं हाय? ती हसली, बोलली, बस, अर्धा तू सोल. त्या बाई. तिथनं जी बसले ती पंचवीस वर्सं.

बाई घाटावरच्या. बाप गुऱ्हाळावर गूळ करायचा आणि भजन म्हणायचा, पोर मागं बसून टाळ वाजवायची. शाळेतल्या मास्तरांनी आवाज ओळखला आणि मामाकडं मुंबईला धाडायला लावलं. कितीतरी वर्सं त्या कोरसमध्ये पाठी उभ्या राहिल्या, मंग एकदा मोठी गाणारी आली नाय म्हणून ह्यांना पुढं केलं, त्या काय परत पाठी गेल्या नाय. एवढं नाव, पण घरात साधी सुती साडी. गाण्याच्या दिवशी सकाळपासनं मुक्या. एक बोट दाखवलं की गरम पाणी, दोन बोटं दाखवली की माझ्या हातची पेज, मऊ भाताची, मीठ घालून, दुसरं काय नाय. आणि गाणं स्वताच्या हातानं वहीत लिहायच्या, श्वास जिथं घ्यायचा तिथं लाल पेन्सिलीची बारकी खूण. मला वाचता येत नव्हतं धड, पण खुणा कळायच्या.

स्टुडिओत मला बरोबर न्यायच्या. काचेची खोली असते, आत बाई, आणि कोपऱ्यात स्टुलावर मी, थर्मास घेऊन. बाहेर वाजवणारे. लाल दिवा लागला की खोकायचं पण नाय. एवढी वर्सं बसले, कधी हूं का चूं केलं नाय.

मंग तो दिवस आला. गौरीचाच दिवस होता. मला गावाला जायचं होतं, पण बाईंचं गाणं निघालं म्हणून राहिले. आता बघा, त्या संगीतकारानं चाल कुठनं उचलली देव जाणे, पण ती आमच्या फेराची चाल होती. माझे पाय स्टुलाखाली हलायला लागले. दोनदा झालं, तीनदा झालं, गाणं काय पुरं होईना. वहीत बघितलं तर लाल खुणाच खुणा, एवढ्या कधी बघितल्या नव्हत्या. परत लाल दिवा लागला. बाईंनी पहिली ओळ गायली, पुढं जागा मोकळी होती, बासरी वाजायची होती तिथं. आणि मी ओळ झेलली. मोठ्यानं. फेरात झेलतात तशी.

सगळं थांबलं. संगीतकार बाहेरनं ओरडला, त्या बाईला आधी बाहेर काढा. मी तर जागच्या जागी मेले. बाईंनी कानावरचं काढून ठेवलं आणि शांतपणी बोलल्या, ती गेली तर मी पण जाते. आणि खरंच निघाल्या, माझा हात धरून.

ते गाणं दुसरीनं गायलं, नवीन पोरगी होती. आणि असं चाललं, असं चाललं, की कान नकोसे झाले मला. बाईंची बोलावणी कमी झाली, मंग थांबलीच. बाई पोरींना शिकवायला लागल्या. मला कधी टोचून बोलल्या नाय, आणि तेच मला जास्त लागायचं. मी माझ्या बाईंचं वाटोळं केलं, हे माझ्या मनात पक्कं बसलं. गौरीला गावी यायचे, पण फेरात शिरले नाय परत. बायका हात धरून ओढायच्या, मी बोलायचे, गुडघे दुखतात. सांगायचं सोडलं, झेलायचं पण सोडलं. तीस वर्सं होत आली.

आता मी कायमची इथंच असते, लेकाच्या घरी. ह्या गौरीला बाई आल्या, ऐंशीच्या पुढं हायत, गाडी करून आल्या पोलादपुरावरनं. सुनेला कोण आनंद. तिनं बाईंच्या मानासाठी म्हणून मोबाईलवर गाणं लावलं, आणि लावलं ते नेमकं तेच. तिला वाटलं बाईंचंच. मी धावले बंद करायला. बाई बोलल्या, राहू दे, चांगलं गायलंय तिनं. मंग मला मागच्या दारी बोलावलं आणि बोलल्या,

इंदू, त्या दिवशी माझा आवाज वर जातच नव्हता. अंतऱ्याला सगळ्यांना कळलं असतं. तू झेललंस आणि मला उठून यायला कारण मिळालं. तुझ्यामुळं माझी अब्रू राहिली, आणि तुला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तुमाला वाटेल मी रडले. मी तापले. मी बोलले, बाई, तीस वर्सं मी तोंड शिवून बसले, आणि तुमी आज सांगताय? दुपारी मी त्यांना पेज वाढली, बिनमिठाची. मुद्दाम. बाईंनी सगळी प्यायली, वाटी पुसून ठेवली, मीठ मागितलं नाय.

दिवे लागायला वाडीतल्या बाया जमल्या अंगणात. जुनी सांगणारी आजारी, पोरींना गाणी येत नायत, एकमेकींच्या तोंडाकडं बघतायत. बाई खुर्चीवरनं बोलल्या, इंदू, तू सांग. मी झेलते.

मी बघितलं त्यांच्याकडं. राग होता अजून, खोटं कशाला बोलू. पण पाय हलत होते. उठले आणि सांगितली पहिली ओळ, गौर डोंगर उतरून माहेरची वाट विचारते ती. आवाज कसला, नुसता घोगरा. आणि बाईंनी झेलली. त्यांचा पण आवाज कापरा, खालच्या सुरात, दम लागत होता, पण एक शब्द भुईवर पडू दिला नाय. मंग बाकीच्या बाया शिरल्या.

बाई गेल्या परत मुंबईला. आयतवारी फोन येतो, जेवलीस का, औषध घेतलंस का, मीच त्यांच्यापेक्षा म्हातारी असल्यागत. देव त्यांना बरं ठेवो. पुढच्या गौरीला येते बोलल्यात. तेवा पेजेत मीठ घालीन मी.