दुसऱ्या बेसवरची दोन पावलं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या गावचे प्रमुख कुलासमामा, व्यासपीठावरचे फादर कोमोद, शाळेच्या मुख्याध्यापिका यू बाई, सगळ्या वयोगटांतली वडीलधारी मंडळी, कापणीच्या सणासाठी उत्तरेतल्या कामांवरून सुट्टी काढून आलेले आई-बाप, आणि 'तुला बोलता येत नाही, मी बोलते' असं सकाळपासून म्हणत असलेली माझी आई नाकाव, आपणा सर्वांना माझं, ओसायचं, आदरपूर्वक अभिवादन.

आधी काय काय आलं ते वाचते, कारण देणाऱ्याचं नाव राहून गेलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. सीताफळांच्या चार पेट्या, आजचा सत्कारमूर्ती ओफाद याच्या वयोगटाकडून, म्हणजे गावात त्याच्याबरोबर वयात आलेल्या गड्यांकडून. पेटी सहाशे डॉलरला पडली, मी विचारून घेतलं. राळ्याच्या वड्या, चर्चच्या बायकांकडून. राळे घरचे, मेहनत फुकट. सुकवलेले उडते मासे दोन टोपल्या. सभागृहाचं भाडं फादरनी घेतलं नाही, फक्त विजेचे तीनशे. ओफाद बेसबॉलच्या ज्या सात संघांकडून खेळला त्यांतल्या चार संघांनी फुलं पाठवली, जपानातल्या संघानं सगळ्यांच्या सह्यांचा सदरा. शेवटच्या संघाकडून काही आलं नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

आता सत्कारमूर्तीकडे वळते. ते माझेच यजमान. पण घरात मी 'ओफाद' म्हणते, 'तू' म्हणते. माईकवर एकदम 'अहो' म्हटलं तर तोच घाबरून उठेल.

आपल्यात नवरा बायकोच्या घरी नांदायला येतो. ओफादही आला, एक ट्रंक आणि एक ग्लोव्ह घेऊन. पंधरा दिवसांत उठून पहिल्या संघाकडे गेला. मग एकोणीस वर्षं सात संघ, तीन देश. आई शेजारणींना सांगायची, "जावई नांदायला आणला, पण नांदतोय मात्र दुसऱ्या बेसवर!" खोटं नव्हतं ते. दुसऱ्या बेसजवळची माती हेच त्याचं घर. फटके मारणाऱ्यांचे फोटो छापून येतात. ओफाद जमिनीलगत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकणारा. अशा माणसाची आठवण संघाला त्याच्या हातून चेंडू सुटला तरच होते.

मी फादरना एकदा विचारलं होतं, संघाच्या विजयासाठी प्रार्थना केली तर चालेल का? ते म्हणाले, "समोरच्या संघातही कुणाची तरी बायको असेलच की." तेव्हापासून मी फक्त त्याच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली.

आता जे बोलायला उभी आहे ते बोलते. यू बाईंना शाळेच्या संघासाठी ओफाद प्रशिक्षक म्हणून हवा आहे. नऊ मुलांशिवाय संघ होत नाही, आणि महिनाअखेरपर्यंत आई-बापांची नऊ संमतीपत्रं आली नाहीत तर संघ बंद. आलीत पाच. नकार कुणी दिलेला नाही, पण कागदही परत आलेले नाहीत. का, ते मला ठाऊक आहे. बाजारात मी आले की बोलणं थांबतं.

गेल्या हेमंतातला अंतिम सामना तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलात. शेवटचा डाव, ओफादचा संघ एका धावेनं मागे, ओफाद धावक म्हणून दुसऱ्या बेसवर. समोर कोण? त्याचाच जुना संघ. सहा वर्षं तो त्यांच्याकडून खेळला होता. फलंदाजामागे बसलेल्या त्यांच्या कॅचरनं स्वतःच्या खांद्याला हात लावला आणि गुडघ्यावर थाप मारली. हा इशारा त्यांच्या क्षेत्ररक्षकासाठी होता: डावीकडे दोन पावलं सरक. आणि सरकला कोण? माझा नवरा! बेस सोडला, गुडघ्यांवर हात ठेवले, फलंदाजाकडे तोंड करून वाकला, जणू चेंडू अडवायला तोच उभा आहे. चेंडू टाकणाऱ्या पिचरनं मागे वळून तो दुसऱ्या बेसवर फेकला, तिथल्या खेळाडूनं बेसबाहेर उभ्या ओफादला चेंडू टेकवला. बाद. सामना संपला.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, पैसे खाल्ले. असा मूर्खपणा कुणी फुकट करतो का?

करतो. सहा वर्षं रोज त्या इशाऱ्यावर सरकलेले पाय एका करारपत्रानं बदलत नाहीत. चौकशी तीन महिने चालली, बँकेची पुस्तकं मीच नेऊन दाखवली. काही निघालं नाही. तसं चौकशी करणाऱ्यांनी लिहून दिलं. कागद दाराशी टांगला आहे, जाताना वाचा.

पण घरातलं एक सांगते. संमतीपत्राचा मसुदा ओफादनं लिहिला आणि पहिल्याच ओळीत घातलं, 'अंतिम सामन्यात बेस सोडून बाद झालेला तो मीच.' मी चिडले. म्हटलं, "पुसून टाक ते! लोक विसरायला लागलेत."

"कुणी विसरलेलं नाही, ओसाय."

"मग उकरून कशाला काढतोस?"

"त्यांची पोरं पाय कुठे ठेवायचे ते माझ्याकडून शिकणार. माझे पाय कुठे चुकले ते आई-बापांना आधी कळू दे."

आई पलीकडे भाजी निवडत होती. ती म्हणाली, "लिहू दे त्याला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस घरात बसून काहीतरी करतोय." त्या दिवशी आईनं पहिल्यांदा जावयाची बाजू घेतली. म्हणून ती ओळ तशीच आहे.

कुलासमामा मघाशी म्हणाले, आत्ताच हात वर करून घेऊ, मोकळं होऊ. मी हात जोडून नको म्हटलं. शेजारच्याकडे बघून वर गेलेला हात मला नको. उद्या तुम्ही बांधकामांवर, कारखान्यांत परत जाल. तिथे निवांत बसा, नवरा-बायको बोला, मुलालाही विचारा. देवावर माझा विश्वास आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावरही आहे.

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आचाऱ्यांनी भात गरम ठेवला, सर्वांची मी ऋणी आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईच्या तोंडून शब्द कमी-जास्त गेला असेल, कुणाचं नाव पुढेमागे झालं असेल, तर पोटात घाला. तिकीट लावलेली पाकिटं दाराशी ठेवली आहेत. 'नाही' लिहायचं असेल तरी तेच पाकीट वापरा, त्यानं ओफादला राग येणार नाही. फक्त हो की नाही, ते उलट टपाली कळवा.