हिवरखेडची मेथीवाली गाडी

मी मूळचा हिवरखेडचा, तेल्हारा तालुक्यातला. आमी माळी. वावर थोडंच, पण नाल्याच्या काठाचं, पाणी धरणारं, तं बाप त्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगे लावे अन् माय ते डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसे. घरात आमी तिघं भाऊ अन् एक बहीण, मी लहाना. माय लवकर गेली, अन् मंग मोठ्या भावाची बायको घरात आली, तिनंच मले मोठं केलं, आंघोळ घालण्यापासून ते शाळेत दामटण्यापर्यंत. तिले मी वहिनी म्हणतो, पण खरं सांगू तं मायच आहे ती. हे तुमाले पहिलेच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते यापाईच झालं.

वावर तिघायले पुरणारं नव्हतं, म्हणून मी अकोल्याले आलो अन् हमीदचाचाच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे काय, टिनाचं शेड अन् पुढं मोकळी जागा. काम बसगाड्यायच्या बॉडीचं. जुनी गाडी आली का तिचा पत्रा काढायचा, सांगाडा पाहायचा, सडलेलं कापायचं, नवं जोडायचं. चाचा मूळचे अचलपूरचे, त्यायचे वडील टांगे बनवत. टांगे गेले तं चाचानं गाड्या धरल्या. आता चाचा थकले, डोळ्यानं दिसेनासं झालं, कारखाना मी पाहतो. पण पाटीवर नाव त्यायचंच आहे अन् राहीन.

काय सांगू तुमाले चाचाची गोष्ट. गाडी आली का बाकीचे मिस्त्री काय करतात, हातोडी घेतात अन् ठोकून पाहतात. चाचा हात लावत नसत. पहिले त्या गाडीत बसून येत. ती जिथून जिथं जाते तिथून तिथं, सगळ्यात मागच्या सीटवर, जिथं जास्त हादरे बसतात, एक हात खिडकीच्या खांबावर ठेवून. अन् बाजूच्याले इचारत, बाई, तुमाले कुठी दुखते या गाडीत? लोक हासत. मीही पहिल्यांदा हासलो होतो. चाचा म्हणत, अरे बेटा, मालक को तो बाहर का रंग दिखता है, बैठनेवाले को पूछ. अन् परत आल्यावर दोनच गोष्टी सांगत, एक तं बनेगी, नाही तं मय्यत हो गयी. मय्यत म्हटलं का मंग मालकानं कितीही हात जोडले तरी चाचा ती गाडी घेत नसत. एकदा अमरावतीचा एक ट्रॅव्हल्सवाला आला होता, त्याले वरून चकचक पाहिजे होती, आरसे, लाईट, पडदे. चाचा त्याच्या गाडीत बसून आले अन् म्हणाले, भंगार में दे दे. तो म्हणे, चाचा तुमाले धंदा समजत नाही. चाचा म्हणाले, नहीं समजता, चाय पी के जा. हातात आलेलं काम असं सोडून देणं मी दुसऱ्या कोणाचं पाह्यलं नाही.

आता गाडीचं सांगतो. वहिनीनं अन् गावातल्या माळणींनी मिळून एक जुनी मिनीबस घेतली होती, एका शाळेची उतरलेली. त्याच्या आधी दलाल वावरातच येऊन माल उचले, त्याचा भाव, त्याचा काटा. गाडी आली तशा ह्या बाया पहाटे माल घेऊन स्वतः अकोल्याले याले लागल्या, स्वतः बसून इकाले लागल्या. ऑटोवाला भाजीच्या डाली, म्हणजे टोपल्या, घेत नाही, दुसऱ्या गाडीत माल घेऊन चढू देत नाहीत, म्हणून ती गाडी होती तं बाया होत्या, नाही तं पुन्हा दलाल होता. तो तं वाटच पाहून राहिला होता. वहिनीले रस्त्यात भेटला तं म्हणे, काय वहिनी, विमान कवा पडून राहिलं तुमचं?

अन् गाडी खरंच थकली होती. टप मधात बसला होता, खिडक्या लागत नव्हत्या, वळणावर सारी गाडी कण्हे. पासिंग जवळ आलं होतं अन् अशा गाडीले कोणी पास करणार नाही हे लेकरालेही समजत होतं. एक दिवस बाजार झाल्यावर बाया गाडी घेऊन सरळ कारखान्यातच आल्या. वहिनी उतरली, पदर खोचला अन् म्हणे, भाऊजी, आमच्याशी गोड बोलू नका. गाडी जगते का मरते तेवढं सांगा.

मी काय केलं असन? मी एक चक्कर मारली, चार ठिकाणी ठोकलं, खाली वाकून चासी पाहिली. चासी चांगली होती, इंजिनही बरं होतं. अन् वहिनी समोर उभी. मी म्हणून बसलो, होते वहिनी, पत्रा बदलतो, टपाले आधार देतो, पास होऊन जाईन. शेवंताबाई म्हणून एक आहे त्यायच्यात, तोंडाची तिखट, ती म्हणे, पाह्यलं का, घरचा माणूस असला म्हणजे डॉक्टरही मुडद्याले गोळ्या देते. साऱ्या हासल्या. मीही हासलो. पण ते मले लागलं, कारण गाडीत न बसता मी हो म्हटलं होतं. इतकी वर्षं चाचाजवळ राहून.

चाचा आत खाटेवर होते, त्यायनं सारं ऐकलं होतं. बाया निघाल्या तवा काठी घेतली अन् म्हणाले, मैं भी आता हूँ, रात को हिवरखेड रहेंगे, सबेरे इन के साथ वापस. मी म्हटलं चाचा या उमरीत? ते गाडीत चढून बसलेच. मंग मीही चढलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या गाडीचं खरं रूप पाह्यलं. टपावर कॅरियर, त्यावर साऱ्या डाली. अन् मेथी-पालक सुकू नये म्हणून निघायच्या आधी बाया त्यावर बादल्यांनी पाणी मारत. आमच्या घरी हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, डोक्यावर न्यायचे तवाही मारत, बैलगाडीतही मारत, त्याचा कोणाले विचारच नाही. गाडी निघाली तं ते पाणी टपातून आत. खिडकीच्या वरच्या फटीतून खांबाच्या पोटात. चाचाच्या टोपीवर थेंब पडून राहिले होते, त्यायनं पुसले नाहीत, खांबाले हात लावून बसले होते डोळे मिटून. चाचा मागं एकटे नको म्हणून शेवंताबाई बाजूले येऊन बसली होती. तिले इचारलं, बहनजी, तकलीफ कहाँ होती है? ती म्हणे, चाचा, बसायची तकलीफ नाही, आमी कुठी बसतो, आमी तं मागच्या सीटा सोडून पुढंच दाटीवाटीनं बसतो, मागं सारं पाणी गळते. तकलीफ टपाची आहे. डाली वर चढवाले गडी लागते, उतरवाले गडी लागते, तो नसला का आमालेच चढा लागते या वयात लुगडं सांभाळत.

कारखान्यात आल्यावर मी आतला पत्रा उचकटला. बाप्पा! खांब बाहेरून रंगवलेला, अन् आत हात घातला तं खारी बिस्किटासारखे पापुद्रे हातात आले. एक नाही, मागचे सारेच. यावर नवा पत्रा मारला असता तं गाडी चमकली असती, पासही झाली असती कदाचित, अन् एखाद्या दिवशी अकोटच्या रस्त्यावर टप बायांच्या डोक्यावर आला असता. डोक्यावर कोणाच्या, तं जिनं मले वाढवलं तिच्या. चाचा रागावले असते तं बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, अब जा के बता.

दिवाळीत माहा भाचा आला होता, बहिणीचा पोरगा, एका मोठ्या शहरात मेट्रोच्या डेपोत नोकरीले आहे. त्याले मी हे सारं सांगतलं तं तो म्हणे, मामा, आमच्याकडं हेच भांडण चालू आहे. त्यायच्या पहिल्या गाड्या जुन्या झाल्या. डबा पोलादी, तो अजून धडधाकट, पण दरवाज्याच्या मोटारी, वायरी, एसी सारं थकलं, अन् काही भाग तं आता कोणी बनवतच नाही. एक म्हणते, एवढा खर्च जुन्या डब्यावर काहून करता, नवी घ्या. दुसरा म्हणते, नवी आज मागतली तं यायले वर्षं लागतात, तोवर लोकायनं कुठी उभं राहावं? मी त्याले इचारलं, तुमच्यातले साहेब त्या गाडीत बसतात का गर्दीच्या येळी? तो म्हणे, काही बसतात, मामा, आमचे मोठे साहेब तं रोज उभ्यानं येतात. मले ते ऐकून बरं वाटलं. मी म्हटलं, मंग ते बरोबर ठरवतीन.

हं, तं मी सांगून राहिलो होतो हिवरखेडचं. मी गेलो. वहिनीच्या ओट्यावर साऱ्या जमल्या. मी म्हटलं, वहिनी, मी खोटं बोललो तुमच्याशी. मले करायचं होतं म्हणून होते म्हटलं. वरचं सारं सडलं आहे. खाली चासी अन् इंजिन तेवढं जिवंत आहे. वहिनी मेथी निवडून राहिली होती, तिचे हात थांबले नाहीत, पण तिनं मान वर केली नाही. मंग म्हणे, बोलावते मी उद्या त्या दलालाले. हे ती ज्या आवाजात बोलली ना, तो आवाज मी माय गेली त्या दिवशी बापाचा ऐकला होता.

चाचा माह्यासोबत आले होते. त्यायनं इचारलं, एक बात बताओ, माल छत पर क्यों रखते हो? शेवंताबाई म्हणे, गाडीले टप होता म्हणून ठेवलं! अन् अशी हासली का साऱ्याच हासल्या, वहिनीसुद्धा. चाचा म्हणाले, तो मत रखो. वरचं सारं नवंच करायचं आहे तं शाळेची गाडी पुन्हा कशाले करायची, तुमची करू.

अन् मंग काय, त्या ओट्यावर बायांनीच गाडी बनवली. टपावर काहीच नाही. मागच्या सीटा काढायच्या. तिथली जमीन मागं उतरती, पाय न घसरणाऱ्या चेकर्ड पत्र्याची, कोपऱ्यात नळी, म्हणजे मेथीचं पाणी खाली रस्त्यावर. मागं रुंद दार, अन् ते कंबरेच्या उंचीवर, म्हणजे डाली डोक्यावरून उतरवली का सरळ आत सरकन, गडी नको. शेवंताबाईनं आपली डाली आणून पुढं ठेवली अन् म्हणे, याच्या मापानं दार कर, तुह्या टेपच्या नाही. मी तसंच केलं. सीटा कमी झाल्या त्याची परवानगी काढावी लागली, त्यात चकरा झाल्या. खांब सारे नवे, अन् प्रत्येक खांबाच्या पायाशी पाणी निघायसाठी छिद्र. काम चालू असताना बाया बाजार आटोपून येत, कळण्याची भाकर अन् ठेचा आणत, चाचाले पहिले वाढत, अन् मंग पत्रा धराले उभ्या राहत. वहिनीनं वेल्डिंगची काच डोळ्याले लावून पाह्यलं अन् म्हणे, एवढं उजेडाचं काम करता अन् आमाले कधी सांगतलं नाही, भाऊजी.

स्वस्तात झालं असं मी म्हणणार नाही. झालं नाही. नवी गाडी याहून महाग पडली असती हे खरं, पण मी पैशाचं सांगून नाही राहिलो. नवी आली असती तं ती जशी येते तशी आली असती, टप घेऊन, अन् बाया पुन्हा टपावर पाणी मारत बसल्या असत्या. जुनी गाडी उघडली म्हणून तिचं दुखणं दिसलं. मले कोणी इचारलं का पैसा लावावा का नाही, तं मी म्हणतो, पहिले उघडा, अन् उघडल्यावर जे दिसन ते खरं सांगा. चाचासारखी छाती असन तं मय्यत म्हणा. माही एवढी छाती नव्हती, आताही आहे का माहीत नाही. त्या दिवशी चाचा गाडीत चढले नसते तं मी काय करून बसलो असतो, हे मनातून जात नाही.

गाडी पास झाली. दलालाले निरोप गेलाच नाही. आता बाया रोज येतात, शेवंताबाईनं तं दोन जास्तीच्या डाली सुरू केल्या आहेत. चाचाले आता बिलकुल दिसत नाही म्हटलं तरी चालन. संध्याकाळी खाटेजवळ बसलो का ते इचारतात, हिवरखेडवाली कैसी है? मी म्हणतो, चाचा, मस्त आहे, एक थेंब आत नाही. ते म्हणतात, अभी तो नयी है रे, दस बरस बाद बता. मी हो म्हणतो. तवा चाचा असोत नसोत, मी असो नसो, त्या गाडीलेही कोणीतरी पुन्हा उघडून पाह्यन, अन् देव करो, जो उघडन तो खरं बोलणारा असो. वहिनीची मेथी पहाटे अकोल्याले पोचली पाहिजे. माहं तेवढंच मागणं आहे.