आमचे हे ऐकतायत

नको, नको, कौतुक अजिबात नको! हिने तुम्हाला सांगितलंच असणार, "विमानात आमच्या यांच्या भरवशावर तरले मी"... भरवसा कसला, डोंबलाचा! ही खाली गेलीय तोवर खरं काय ते सांगून टाकतो, पोटात राहत नाहीये आता. लाज वाटते हो. तुम्हाला सांगतो, नुसती लाज वाटते!

तर मला हा नाद. रिटायर झाल्यापासून वैमानिक आणि टॉवरवाले काय बोलतात ते रेडिओवर ऐकत बसायचं. काय बोलतात? "उजवीकडे वळा." "वळलो." संपलं! दिवसभर हेच! दुसरा माणूस वेडा झाला असता, पण मी आपला कानाला लावून. ही गेली होती बहिणीकडे, तिथून तीनदा फोन, "अहो, माझं परतीचं विमान कोणतं ते लिहून घ्या." मी म्हटलं, "हो हो, घेतलं." एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला रेडिओ... लिहितोय कुठला! डोक्यात आपलं, येईल संध्याकाळी, एवढंच.

आणि त्या दिवशी दुपारी तीनला चारशे सात नंबरच्या विमानाचा वैमानिक म्हणतो, "एक इंजिन बंद केलंय." कसं म्हणतो? जसा काही घरातला पंखा बंद केलाय! मी ताडकन उठलो. एवढी वर्षं ऐकतोय, पहिल्यांदा काहीतरी घडत होतं! आणि माझ्या मनात काय यावं? त्या लोकांचं काय होईल? छे! मनात आलं, मंडळींना बोलवा! लाज वाटते हो...

गच्चीवर आवाज मोठा करून लावला. खालचे शिंपी आले, मापाची टेप गळ्यातच; शेजारच्या वहिनी ओल्या हातांनीच आल्या. मी मधोमध खुर्चीत, आणि काय सांगू, असा रंगात आलो! टॉवरवाली बाई विचारते, "जीव किती?" वैमानिक म्हणतो, "एकशे बेचाळीस." मी लगेच मास्तरासारखा, "बघा हं, माणसं किती नाही विचारत, जीव किती विचारतात!" वहिनींचा चेहरा पडला. "भावजी, ताईसुद्धा आजच यायच्या ना?" मी हात झटकला. "तिचं संध्याकाळी हो! मध्ये बोलू नका, ऐका!"

तेवढ्यात टॉवरवाली म्हणते, इथली धावपट्टी पुरायची नाही, पलीकडच्या शहरातली लांब आहे, तिकडे जा, आणि आता तिकडच्या टॉवरशी बोला. म्हणजे माझ्या एरियलच्या टप्प्याबाहेर! ऐन वेळी! नुसती खरखर सुरू. मी खुर्चीवर चढलो, एरियल हातात धरून आभाळाकडे, आणि ओरडलो... जाऊ दे... नाही, सांगतोच. ओरडलो, "अरे, तिकडे कुठे चाललात! काय व्हायचं ते इथेच होऊ द्या ना!"

शिंपी गळ्यातली टेप गुंडाळत बसले. वहिनी खाली निघून गेल्या.

अर्ध्या तासाने फोन. ही! "अहो... उतरलो. दुसऱ्याच गावात उतरलो, पण सगळे सुखरूप आहोत." मी म्हणतो, "उतरलो म्हणजे? तू संध्याकाळी येणार ना?" "असं काय करता? चारशे सात! तीनदा सांगितलं की तुम्हाला!"

मी आधी ती खरखर बंद केली. आणि ती रडत रडत काय म्हणते? "मला ठाऊक होतं, तुम्ही ऐकत असणार. शेजारच्या सीटवरची बाई थरथर कापत होती, तिचा हात धरून म्हटलं, घाबरू नका, खाली आमचे हे आहेत, शब्द न् शब्द ऐकतायत. तिला सांगता सांगता मलाच धीर आला हो."

त्या एकशे बेचाळिसात ही होती हो. माझी ही! आणि मी एरियल धरून म्हणतोय, इथेच होऊ द्या! लाज वाटते... लाज हा शब्द पुरत नाही.

सांगणार होतो तिला. खरंच सांगणार होतो! पण ती दारातून आली, बॅग खाली ठेवायच्या आधी रेडिओवरून हात फिरवला. इतकी वर्षं "भंगारात घाला ते खोकं" म्हणणारी बाई! आता रोज स्वतः पुसते, संध्याकाळी आणून माझ्या हातात देते, "बसा ऐकत. कुणाचं तरी माणूस असेल विमानात." शिंपी जिन्यात भेटले की माझ्याऐवजी भिंतीकडे बघतात. वहिनींचं तर विचारूच नका. आणि मी नको कसं म्हणू? "का हो?" म्हणाली तर काय सांगू? म्हणून बसतो तिच्यासमोर, कानाला लावून, दोन-दोन तास, मान डोलावत.

आवाज? आवाज बंद असतो हो.