ओट्यावरचा वायरलेस

आदरणीय अध्यक्ष लॉर्ना स्विम, व्यासपीठावरचे आमचे पाद्रीबाबा, बंदरावरचे सगळे नाखवे, आणि आत चावडरचं, म्हणजे माशांचं दाट सूप ढवळता ढवळता कान इकडे लावलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

माझ्या नवऱ्याला, डॅरेलला, आज तुम्ही निवृत्तीचा निरोप देताय. लॉब्स्टर धरण्यात त्याचा उभा जन्म गेला. शेजारच्या होडीवरच्या वेंडलनं आत्ताच त्याच्या धाडसाचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या का, ते मला अजून ठरवता येत नाही.

डॅरेलच्या हृदयाचे ठोके अचानक बेताल होतात. तसं झालं की माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. म्हणून त्याच्या छातीत यंत्र बसवलं; ठोके बिघडले की ते आतून झटका देतं. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. होडी पुतण्याकडे, कोरीकडे गेली. डॅरेलनं शेडमध्ये सापळे दुरुस्त करायचे, असं ठरलं. होडीवर नाव माझंच आहे, 'हेदर'. ते तसंच राहिलं.

होड्यांवरचं बोलणं ऐकायला आपल्याकडे कुठल्या बाईच्या ओट्यावर वायरलेस नसतो? माझाही सकाळभर चालू असायचा. वेंडल त्याच्या होडीवरून विचारायचा, "कोरी, म्हातारा काय करतोय रे?"

"शेडमध्ये बसून काकूचं सँडविच खातोय. सापळा एक, गप्पा दहा."

मी भांडी घासताना एकटीच हसायचे.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून फोन आला. यंत्राकडून त्यांना परस्पर कळतं. "मंगळवारी झटका बसला होता, आता बरे आहेत ना?" मंगळवारी? मंगळवारी तर मी सापळ्यांचा विनोद ऐकला होता.

मी वेंडलला गाठलं. हातात टोपी फिरवत तो म्हणाला, "अगं हेदर, तो होडीवरच होता. यंत्र बसवल्यापासूनचे दोन्ही हंगाम. खरं बोलायला आम्ही दुसरं चॅनेल धरायचो. तू घाबरशील म्हणून."

म्हणजे पहिल्या चॅनेलवरचं ते सगळं एका बाईसाठी चाललं होतं. मैत्रिणींनो, तुमचे वायरलेस कुठल्या चॅनेलवर होते, हे मी विचारत नाही. चावडर निवेल.

मला खरं सांगणं इतकं अवघड होतं का? असेलही. त्याला आंघोळीला वेळ लागला तरी मी दार ठोठावायचे. माणूस गुदमरत असेल. पण बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू ठेवायचं, हे मी याच हॉलमध्ये शिकले होते, तुमच्याच शेजारी गुडघे टेकून. आणि ज्या सकाळी तो कोसळला, त्या सकाळी मी ओट्याशी हसत उभी होते.

संयोजकांचे आभार. माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला.

डॅरेल, तू पडलास तेव्हा कोरीनं तुझं डोकं मांडीवर घेतलं, एवढं मला कळलंय. शुद्धीवर आल्यावर तू काय बोललास, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला नाही. घरी जाताना सांग. त्या झटक्यापासून गाडी मीच चालवते. तू फक्त बोल.