एका डोळ्याच्या म्हाताऱ्याचा खेळ

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिक्षिकाबाई मासिक वाचण्याचं नुसतं सोंग करत होत्या. त्यांचे कान समोरच्या बहीणभावाकडे लागले होते.

“ताई, कुत्र्यांच्या आश्रमाची वेबसाइट चालू झाली! अख्खी मी बनवलीय.”

“म्हणजे पुन्हा फुकट.”

“अगं, ऐक तर. तिथे एका डोळ्याचा म्हातारा कुत्रा आहे. तीन वर्षं त्याला कोणी घरी नेत नव्हतं. त्याच्या फोटोवर बोट ठेवलं की खेळ सुरू होतो. आपण चेंडू फेकायचा, त्याने पकडायचा. संगीतही माझंच.”

“ती पिपाणी?”

“पिपाणी आहे हे तुला कसं कळलं?”

“अंदाजाने.”

“काल एकच माणूस दोनशे वेळा खेळला! आणि आज आश्रमातून फोन आला, म्हाताऱ्याला घर मिळालं. कुणाचं ते मात्र सांगेनात.”

“दोनशे सात वेळा. आणि चेंडू जरा सावकाश येऊ दे रे, बिचाऱ्याच्या तोंडातून सारखा निसटतो.”

“ताई! तू?”

“ओरडू नकोस. शनिवारी आणायचाय त्याला. तुझ्या भावोजींना अजून पत्ता नाही.”

शिक्षिकाबाईंनी मासिक बाजूला ठेवलं.

“मग आधी त्यांना तो खेळ खेळायला द्या.”